खग्रास अवस्थेत दुर्बिणीतला चंद्र पुसट का होतो : चंद्रग्रहणात वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

घरच्या अंगणातून किंवा गच्चीवरून लहान दुर्बिणीने चंद्रग्रहण पाहणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. स्पर्शाच्या वेळी, म्हणजे पृथ्वीची गडद छाया चंद्राला प्रथम टेकली तेव्हा, चंद्र लख्ख दिसत होता, त्याच्यावरच्या टायको विवरातून निघणारे पांढरे किरण मोजता येत होते. पण संमीलन होऊन, म्हणजे चंद्र गडद छायेत पूर्ण शिरून, खग्रास अवस्था सुरू झाली तेव्हा आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) मळकट तांबूस डाग तेवढा उरला आणि फोकसचे चाक कितीही फिरवले तरी तो स्पष्ट होईना. पुढच्या ग्रहणालाही हाच अनुभव आला की दोष दुर्बिणीच्या दर्जाला दिला जातो, आणि पुष्कळदा गरज नसताना मोठी दुर्बीण घेण्याचा विचार सुरू होतो.

या एकाच लक्षणामागे पाच-सहा वेगवेगळी कारणे असू शकतात. ती ओळखणे अवघड जाते, कारण ती सगळी एकाच तासात एकमेकांत मिसळतात : चंद्र मंदावत जातो, हवा गार होते, काचेवर दव धरते, आणि दुर्बीण लावणारा मनुष्यही थकलेला असतो. अशा वेळी घाईने फोकस, आयपीस आणि दुर्बिणीची जागा असे सगळेच एकदम बदलले, तर चित्र सुधारले तरी ते कशामुळे सुधारले हे समजत नाही आणि पुढच्या ग्रहणात तीच अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती बदलण्याआधी खालील दोन चाचण्या कराव्यात. दोन्हींना मिळून दोन-तीन मिनिटे पुरतात.

पहिली चाचणी साध्या डोळ्यांची आहे. दुर्बिणीपासून बाजूला होऊन चंद्राकडे नुसते पाहावे. डोळ्यांना तो तांब्यासारखा किंवा विटकरी रंगाचा, कडा नीट असलेला दिसत असेल आणि दुर्बिणीत मात्र मळकट दिसत असेल, तर दोष दुर्बिणीत किंवा तिच्या वापरात आहे. डोळ्यांनाही तो राखाडी, ओळखू न येण्याइतका मंद दिसत असेल, तर दुर्बीण आपले काम बरोबर करते आहे. दुसरी चाचणी ताऱ्याची : दुर्बीण चंद्राजवळच्या एखाद्या ठळक ताऱ्याकडे वळवावी. तारा टोकदार बिंदूसारखा दिसला तर फोकस आणि काचा ठीक आहेत. तो लहान चकतीसारखा पसरला असेल तर फोकस हलला आहे. मध्ये बिंदू आणि भोवती दुधट वलय असेल तर काचेवर दव किंवा बाष्प आहे. आणि बिंदू सतत उकळल्यासारखा थरथरत असेल तर हवा किंवा दुर्बिणीच्या नळीतली उष्णता कारणीभूत आहे.

जे नैसर्गिक आहे ते

पौर्णिमेच्या चंद्राची दृश्य प्रत (तेजाचे माप; आकडा जितका कमी तितके तेज जास्त) सुमारे उणे १२.७ असते. खग्रास अवस्थेत त्याची तेजस्विता साधारण दहा हजार ते दहा लाख पटींनी कमी होते. हा फरक प्रत्येक ग्रहणात सारखा नसतो, कारण गडद छायेत शिरलेल्या चंद्रावर पडणारा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला असतो आणि ते वातावरण किती स्वच्छ आहे यावर त्याचे प्रमाण ठरते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी १९२१ साली यासाठी शून्य ते चार अशी श्रेणी सुचवली. चार म्हणजे उजळ नारिंगी-तांबडा चंद्र आणि शून्य म्हणजे जवळजवळ दिसेनासा झालेला चंद्र. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने वरच्या वातावरणात जी धूळ व गंधकयुक्त कण सोडले, त्यांमुळे ९ डिसेंबर १९९२ चे ग्रहण फार काळोखे झाले. बालीमधील आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर ३० डिसेंबर १९६३ च्या ग्रहणातही तसेच घडले होते. अशा ग्रहणात उत्तम दुर्बिणीतूनही चंद्र अंधुकच दिसणार, हे मनाशी धरून ठेवले तर बरीच चिडचिड वाचते.

आणखी एक नैसर्गिक पुसटपणा खंडग्रास अवस्थेतला आहे. पृथ्वीच्या गडद छायेची कड मुळातच मऊ असते. सूर्य बिंदुरूप नसून आकाशात अर्धा अंश व्यासाचा दिसतो, आणि त्यात वातावरणाची भर पडते. त्यामुळे छायेच्या कडेवर फोकस जुळवण्याचा प्रयत्न कधीच यशस्वी होत नाही. मी स्वतः माझ्या सुरुवातीच्या एका ग्रहणात छायेची रेघ धारदार करण्यासाठी फोकसचे चाक इतके पुढेमागे फिरवले, की शेवटी उजळ भागाचा चांगला जुळलेला फोकसही घालवून बसलो. फोकस नेहमी चंद्राच्या बाह्य कडेवर किंवा टायको, कोपर्निकस, ॲरिस्टार्कस यांसारख्या उठावदार विवरावर जुळवावा. ग्रहण पौर्णिमेलाच होत असल्याने चंद्रावर तेव्हा डोंगरांच्या लांब सावल्या नसतात. अष्टमीच्या चंद्रावर दिसणारा खोलगटपणा ग्रहणाच्या रात्री दिसला नाही, तर त्यात काही बिघडलेले नाही.

दव : सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण

दुर्बीण आणि तिचा वापर या बाजूने दोष असेल, तर प्रथम दवाचा संशय घ्यावा. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. तिचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की तिच्यावर बाष्प साचू लागते. आकाशाकडे तोंड करून तासन्‌तास उभी असलेली भिंगाची काच याला सर्वांत आधी बळी पडते. ग्रहण पाहायला ज्या रात्री चांगल्या, त्याच रात्री दवालाही अनुकूल असतात, हा यातला विरोधाभास आहे.

दव लक्षात येत नाही ते त्याच्या संथपणामुळे. काचेवर आधी अतिशय पातळ थर धरतो. तेव्हा चंद्र अजून अर्धा उजळ असतो आणि प्रतिमेवर हलका दुधट पडदा आल्यासारखे वाटते, एवढेच. पुढे चंद्र छायेत शिरतो. प्रतिमा मंद होणे अपेक्षितच असल्याने थर दाट होत चालला आहे याकडे पाहणाऱ्याचे लक्ष जात नाही. वर सांगितलेल्या त्याच ग्रहणात मी फोकस, आयपीस आणि ट्रायपॉडचे पाय असे सगळे तपासून झाल्यावर जवळजवळ अर्ध्या तासाने दुर्बिणीच्या तोंडाकडे पाहिले, तर भिंग अंघोळीनंतरच्या आरशासारखे झालेले होते. तेव्हापासून दर वीस मिनिटांनी लाल विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून काच पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

कोणत्या दुर्बिणीत दव कोठे धरते हे तिच्या रचनेवर अवलंबून आहे. पुढे भिंग असलेल्या दुर्बिणीला आखूड दवरोधक नळी जोडलेली असते, पण ओल्या हवेत ती अपुरी पडते. श्मिट-कॅसेग्रेन आणि माकसुतोव या, काच व आरसे दोन्ही असलेल्या प्रकारांत पुढची पातळ किंवा वक्र काच थेट आकाशासमोर असल्याने त्यांना सर्वांत लवकर दव धरते. न्यूटन पद्धतीच्या परावर्तक दुर्बिणीत मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित राहतो, मात्र तोंडाजवळचा लहान तिरपा आरसा आणि फाइंडर (नेम धरण्याची छोटी जोडदुर्बीण) ओले होतात. आयपीसचे प्रकरण निराळे आहे : त्यावरचे बाष्प बहुधा डोळ्याच्या आणि श्वासाच्या ओलाव्याने येते. भिंग कोरडे असूनही डोळा लावल्यावर दोन-तीन सेकंदांतच प्रतिमा धुरकट होऊ लागली, तर आयपीस दोषी समजावा.

उपाय सोपे आहेत, पण ते ग्रहणाआधी तयार असले पाहिजेत. काळ्या जाड कागदाची किंवा पातळ फोमच्या चटईची, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांबीची नळी करून दुर्बिणीच्या तोंडाला बसवावी. ती आकाशाचा मोठा भाग झाकते, त्यामुळे काच सावकाश गार होते. दव धरलेच, तर केस वाळवण्याच्या यंत्राची मंद, कोमट हवा हातभर अंतरावरून फिरवत द्यावी. फार गरम हवेने काच असमान तापते आणि प्रतिमा काही मिनिटे बिघडलेलीच राहते. कापडाने पुसण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण ओल्या काचेवरची धूळ कापडाखाली घासली जाऊन भिंगावरच्या लेपावर कायमचे ओरखडे पडतात. वापरात नसलेले आयपीस झाकणे लावून खिशात ठेवावेत. अंगाच्या उबेने किंचित कोमट राहिलेल्या आयपीसवर बाष्प सहसा धरत नाही. काम संपल्यावर ओल्या भिंगाला लगेच झाकण लावू नये, घरात आणून ते पूर्ण वाळू द्यावे.

जास्त वर्धन, कमी उजेड

दवानंतरचे दुसरे मोठे कारण म्हणजे खग्रास अवस्थेत वापरलेले वाजवीपेक्षा जास्त वर्धन, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते ते प्रमाण. चंद्र मंद झाला की तो जवळ आणून पाहावा असे स्वाभाविकपणे वाटते आणि हात छोट्या आयपीसकडे जातो. परिणाम नेमका उलट होतो. आयपीसमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास म्हणजे दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन. आणि चंद्राच्या पृष्ठाचा दिसणारा उजेड या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ७० मिलिमीटर भिंगाची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराची) सर्रास आढळणारी दुर्बीण घेऊ; नाभीय अंतर भागिले आयपीसवरचा आकडा म्हणजे वर्धन. २५ मिलिमीटरच्या आयपीसने वर्धन २८ पट मिळते आणि झोत २.५ मिलिमीटरचा असतो. १० मिलिमीटरच्या आयपीसने वर्धन ७० पट होते, झोत १ मिलिमीटरवर येतो आणि पृष्ठाचा उजेड सहा पटींहून अधिक घटतो. त्याला दुप्पट वर्धन देणारे बार्लो भिंग जोडले की उजेड पहिल्या आयपीसच्या पंचविसाव्या हिश्शावर येतो. पौर्णिमेच्या लख्ख चंद्राला हे सहज सोसते, छायेतल्या चंद्राला सोसत नाही.

यामुळे संमीलनाच्या सुमारास पेटीतला सर्वांत कमी वर्धनाचा आयपीस लावावा. त्याने रंग खुलतो, छायेच्या कडेजवळचा उजळ भाग आणि मध्याकडचा काळपट भाग यांतला फरक समजतो, आणि चंद्राभोवतीचे मंद तारेही दिसू लागतात. एरवी पौर्णिमेच्या झगमगाटात हे तारे हरवलेले असतात. चंद्र एखाद्या मंद ताऱ्याला झाकताना पाहणे हा लहान दुर्बिणीतला फार सुंदर अनुभव आहे, आणि तो जास्त वर्धनाच्या अरुंद क्षेत्रात हुकण्याचीच शक्यता जास्त.

याच्याच जोडीने आयपीसला लावलेला चंद्राचा फिल्टर तपासावा. पौर्णिमेच्या झगमगाटासाठी तो लावलेला असतो आणि नंतर विसरला जातो; त्यातले पुष्कळ फिल्टर जेमतेम १३ टक्के प्रकाश पुढे सोडतात. सूर्यग्रहणासाठी घेतलेला सौर फिल्टर चंद्रग्रहणालाही लावून बसलेले लोकही मी पाहिले आहेत. तो सुमारे एक लाखावा हिस्सा प्रकाशच जाऊ देतो, त्यामुळे खग्रास चंद्र त्यातून दिसणे अशक्य आहे. चंद्रग्रहण पाहायला डोळ्यांच्या संरक्षणासाठी कोणताही फिल्टर लागत नाही.

डोळ्यांचाही वाटा असतो. अंधाराला नीट सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिले की तो सराव मोडतो. वेळ पाहण्यासाठी किंवा नकाशासाठी मोबाईल हाताशी ठेवायचाच असेल तर पडदा लाल आणि अगदी मंद करावा.

चंद्र क्षेत्राबाहेर जाणे आणि पुन्हा न सापडणे

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला पंधरा अंश सरकते, म्हणजे चंद्र आपल्या व्यासाएवढे अंतर साधारण दोन मिनिटांत ओलांडतो. वर सांगितलेल्या दुर्बिणीत ७० पट वर्धनाला, आयपीसचे दृश्य क्षेत्र पन्नास अंशांचे धरले तर, आकाशाचा जेमतेम ०.७ अंश दिसतो. मध्यभागी आणलेला चंद्र अर्ध्या मिनिटाच्या आतच काठाला टेकतो. २८ पट वर्धनाला हेच अडीच मिनिटांवर जाते. हाताने फिरवायच्या दुर्बिणीवर कमी वर्धन वापरण्याचे हे दुसरे कारण.

मोटार असलेल्या बैठकीवरही (दुर्बीण बसवायच्या आधारावरही) एक अडचण पुन्हा पुन्हा येते. मोटार साधारणपणे ताऱ्यांच्या गतीने चालते, पण चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत तासाला सुमारे अर्धा अंश पूर्वेकडे सरकत असतो. ०.७ अंशाच्या क्षेत्रात तो दहा-बारा मिनिटांत काठाशी येतो आणि पाहणाऱ्याला वाटते की बैठकीत बिघाड आहे. २७ जुलै २०१८ च्या ग्रहणाची खग्रास अवस्था १ तास ४३ मिनिटे चालली. तेवढ्या वेळात हा फरक सुमारे ०.९ अंशाचा होतो. यंत्रणेत चंद्रगतीचा पर्याय असल्यास तो निवडावा, नसल्यास दर काही मिनिटांनी चंद्र हाताने मध्यभागी आणावा.

एकदा क्षेत्राबाहेर गेलेला खग्रास चंद्र परत शोधणे पौर्णिमेच्या चंद्राइतके सोपे नसते. फाइंडर आणि मुख्य दुर्बीण चंद्र उजळ असतानाच एकरेषेत आणून ठेवावेत. लाल ठिपक्याचा फाइंडर असेल, तर ठिपका सर्वांत मंद करावा. काळोख्या ग्रहणात प्रखर ठिपका लालसर चंद्राला सरळ झाकून टाकतो. गार हवेत बॅटऱ्या लवकर उतरतात आणि यंत्रणा मध्येच बंद पडली तर सगळी जुळवणी नव्याने करावी लागते, म्हणून ताज्या बॅटऱ्या स्पर्शाआधीच घालाव्यात.

थरथरणारी प्रतिमा

ताऱ्याच्या चाचणीत बिंदू उकळताना दिसला, तर दुर्बीण घरातून नुकतीच बाहेर आणली आहे का, हे आठवावे. नळीतली कोमट हवा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा ते एक तास लागतो, बंद नळीच्या दुर्बिणींना याहूनही जास्त. उघड्या खिडकीतून पाहणे हा यातला सर्वांत वाईट प्रकार, कारण खोलीतली उबदार हवा बाहेर पडताना थेट दुर्बिणीसमोरून वाहते. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवरही रात्री बराच वेळ असाच परिणाम जाणवतो. मातीचे अंगण त्यापेक्षा बरे. चंद्र क्षितिजाजवळ असेल तर मात्र तो वर येण्याची वाट पाहण्यावाचून इलाज नाही.

छायाचित्रे डागासारखी येणे

डोळ्यांना चंद्र चांगला दिसतो पण छायाचित्र बिघडते, ही तक्रार वेगळी धरावी. खंडग्रास अवस्थेत मोबाईल आजूबाजूचा काळोख पाहून प्रकाश वाढवतो आणि उजळ भाग पांढराफटक होतो. पडद्यावर उजळ भागाला बोट लावून फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करावेत, मग प्रकाश खाली आणावा. मोबाईल हाताने आयपीसशी धरण्यापेक्षा पकड वापरावी आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, नाहीतर बटण दाबल्याचा धक्काच चित्रात उतरतो.

कॅमेरा थेट दुर्बिणीला जोडला असेल, तर सगळा प्रश्न उघडझापीच्या वेळाचा, म्हणजे कॅमेरा किती वेळ प्रकाश आत घेतो याचा असतो. पूर्ण चंद्राला एफ १० (नाभीय अंतर भिंगाच्या व्यासाच्या दहापट) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर साधारण १/१२५ सेकंद पुरतो. खग्रास अवस्थेत, मध्यम उजेडाच्या ग्रहणात, आयएसओ ८०० ठेवूनही एक ते चार सेकंद लागतात. बैठक स्थिर असेल आणि मोटार नसेल तर एका सेकंदात चंद्र सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. टायको विवराचा ८५ किलोमीटर व्यास पृथ्वीवरून सुमारे ४५ विकलांचा दिसतो, म्हणजे एका सेकंदात विवराच्या एक तृतीयांश रुंदीएवढी प्रतिमा फासली जाते. अशा वेळी आयएसओ ३२०० करून पाव सेकंदावर यावे. चित्रात थोडे कण येतील, पण चंद्राची कड टिकेल, आणि कड गेलेले चित्र नंतर कशानेही सुधारत नाही.

उन्मीलनाच्या वेळी, म्हणजे चंद्र गडद छायेतून बाहेर येऊ लागतो तेव्हा, सगळे उलट दिशेने घडते आणि तेथेही बरेच जण गाफील सापडतात. छायेच्या कडेवर, तांबड्या आणि उजळ भागांच्या मध्ये, निळसर हिरवट छटेची अरुंद पट्टी काही मिनिटे दिसते. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरांतला ओझोन तांबडा प्रकाश शोषून घेतो आणि निळसर प्रकाश पुढे जाऊ देतो, त्याचा हा परिणाम. संमीलनाच्या आधी ती घाईत निसटली असेल, तर दुसरी संधी उन्मीलनानंतर लगेच मिळते. त्यासाठी उन्मीलनाच्या पाच मिनिटे आधी भिंगावरचे दव पाहून घ्यावे, कमी वर्धनाचा आयपीस तसाच ठेवावा, आणि कॅमेरा असल्यास उघडझापीचा वेळ कमी करायला सुरुवात करावी. पहिली उजळ कड उगवली की दीर्घ वेळाच्या चित्रात ही पट्टी पांढऱ्या प्रकाशात बुडून जाते.